घड्याळ नसलेल्या घरात दोन रात्री

खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षे मी पाळीची नोकरी केली. कंट्रोल रूममध्ये माणूस एक गोष्ट नक्की शिकतो, ती म्हणजे घड्याळाकडे पाहणे. तासातासाला रीडिंग घ्यायचे, वहीत लिहायचे आणि पाळी संपली की सही करून पुढच्याच्या हवाली करायचे. त्यामुळे गोव्याच्या एका हॉटेलातील कॅसिनोत पाऊल टाकले तेव्हा इतरांना झुंबरे दिसली. मला मात्र दिसले ते हे की, एवढ्या मोठ्या दालनात एकाही भिंतीवर घड्याळ नाही. खिडकीही नाही.

झाले असे की, दिवाळीनंतर जावईबापूंनी टूम काढली. ‘‘बाबा, दोन रात्री, तीन दिवस. खोलीचं भाडं निम्मं, जेवण त्यातच आणि खेळायला हजार रुपये त्यांच्याकडूनच!’’ फुकट म्हटले की मला शंका येते. पण सौ. म्हणाली, ‘‘अहो, जन्मभर राख खाल्लीत, आता दोन दिवस समुद्राचं वारं खा.’’ वारेगावच्या राखेच्या तलावाकडून उन्हाळ्यात जे वारे येते, ते सोसलेल्या माणसाला यावर काय बोलता येणार? गेलो.

शनिवारी संध्याकाळी कॅसिनोच्या दाराशीच आमच्या सहलीचे दोन तुकडे झाले. एकवीस वर्षांखालच्यांना आत प्रवेश नाही. नियम योग्यच आहे. पण नातवंडे आणि त्यांच्याजवळ सौ. वर खोलीत, तर लेक, जावई आणि मी खाली. शंभर रुपये हरून मी अर्ध्या तासात वर आलो. लेक दहाला आली. जावई आले पहाटे चारला आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘किती वाजले?’’ किती गेले ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. रविवारी सकाळी मुले पोहायचे कपडे घालून दाराशी उभी होती आणि त्यांचे वडील गाढ झोपले होते.

तिथे कुणी कुणाला फसवत होते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. फसवण्याची गरजच नसते. रुलेटच्या चक्रावर शून्य धरून सदतीस घरे असतात. प्रत्येक घरावर शंभर रुपये लावले तर ३,७०० रुपये लागतील. गोळी कुठल्याही घरात पडो, हाती येतील ३,६००. शंभर रुपये चक्राचे! म्हणजे शेकडा पावणेतीनच्या आसपास. एका फेरीत कुणीही जिंकेल; पण फेऱ्या वाढत गेल्या की हिशेब चक्राच्याच बाजूला झुकतो. म्हणून त्या धंद्याला तुमच्या पैशाआधी तुमचा वेळ हवा असतो. निम्म्या भाड्याची खोली हे त्या वेळेचे आगाऊ मोल. जो मुक्कामालाच आला, तो जाणार कुठे?

मला आमची खापरखेड्याची वसाहत आठवली. शेजारी सिल्लेवाड्याच्या खाणीत कामाला होते. माणूस देवासारखा, पण पगाराच्या दिवशी पानठेल्यावरच्या सट्टापट्टीने त्यांचे पाय धरले की ते घरी लवकर पोचत नसत. दहा तारखेनंतर वहिनी वाटी घेऊन आमच्या दाराशी येत. साखर मागत, पण नजर वर करीत नसत. पोलिसांची धाड पडली की पानठेलेवाला चार दिवस गायब. १८८७ सालचा जुगारबंदी कायदा त्याच्यासाठी होता. गोव्याच्या त्या दारावर मात्र दरवान सलाम ठोकतो. आकडा तोच, फक्त खाली गालिचा आला.

आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्याने १९९२ साली कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना आणि १९९६ साली जहाजांवरच्या पटांना वाट करून दिली. त्यातून सरकारला महसूल मिळतो, अनेकांच्या चुली पेटतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच गोव्याने १ फेब्रुवारी २०२० पासून स्वतःच्या रहिवाशांना तिथे खेळायला मनाई केली. आपल्या लेकरांच्या ताटात जे वाढायचे नाही, ते पाहुण्यांना आग्रहाने वाढायचे! केंद्रानेही २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के केला. घातक वस्तूंच्या रांगेत बसवायचे आणि पंगतीतून उठवायचे मात्र नाही, अशी ही तऱ्हा.

सज्ञान माणसाने आपल्या कमाईतले शंभर रुपये कुठे उधळावेत, हे सांगणारा मी कोण? पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडेही पत्ते रंगतात. माझी हरकत आहे ती ‘सहकुटुंब सहल’ या पाटीला. ज्या ठिकाणी मुलांना दाराबाहेर ठेवावे लागते, आजीला खोली राखावी लागते आणि बापाला रविवारची सकाळ दिसत नाही, तिथे कुटुंब गेले असे कसे म्हणायचे? नोकरदार माणसाला वर्षाकाठी असे किती शनिवार-रविवार मिळतात? पाळीच्या नोकरीत माझे कितीतरी गेले. ते मला कुणी परत दिले नाहीत. पैसा पुढच्या महिन्यात पुन्हा येतो, मुलांचे बारावे वर्ष पुन्हा येत नाही.

त्या रविवारी नातवंडांना घेऊन मीच किनाऱ्यावर गेलो. धाकट्याने वाळूचा किल्ला करता करता विचारले, ‘‘आजोबा, बाबा जिंकले का?’’ मी म्हटले, ‘‘त्यांनाच विचार.’’

त्याने विचारले, आणि जावईबापू बराच वेळ गप्प राहिले. परतीच्या वाटेवर ते आपणहून म्हणाले, ‘‘बाबा, पुढच्या वेळी पेंचला जाऊ या. जवळ आहे, आणि सगळ्यांना आत सोडतात.’’

मी लगेच हो म्हटले.