पिशवी काढली, पुढे काय? बीडच्या चर्चेत राहून गेलेला प्रश्न

दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीच्या टोळ्या सोलापूर जिल्ह्यात उतरतात, तेव्हा सात रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्यातही त्यांच्यातले पेशंट दिसू लागतात. अशीच पस्तिशीची एक बाई खोकल्यासाठी आली होती. मी औषध लिहून दिले. नवरा ते आणायला बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, औषध जरा जोराचं द्या. खोकला आला की लुगडं भिजतंय."

दोन वर्षांपूर्वी तिच्या गावाकडे गर्भपिशवी काढण्याचे ऑपरेशन झाले होते. घरी सोडताना "जड उचलू नका" एवढेच सांगितले होते. उचल आधीच घेतलेली असल्याने ती त्याच हंगामात नवऱ्याबरोबर फडात गेली. लघवी सुटते हे तिने कोणालाच सांगितले नव्हते. पिशवी काढल्यावर असे होतच असणार, अशी तिची समजूत होती. खरे सांगायचे तर अशा बायकांना हा प्रश्न मीही कित्येक वर्षे आपणहून विचारत नव्हते.

आकडे काय सांगतात

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याच्या बातम्या आल्या आणि विधिमंडळात चर्चा झाली. 2016-17 ते 2018-19 या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत अशी 4,605 ऑपरेशने झाल्याची माहिती सरकारने दिली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या 15 ते 49 वयोगटातल्या महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे 3.3 टक्के होते. दोन्हींतले वयोगट अगदी सारखे नाहीत, तरी फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा आहे.

त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. केंद्र सरकारने 2022 मध्ये अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. जिल्हा पातळीपर्यंत देखरेख समित्या हा त्या सूचनांचा एक भाग आहे. तरीही जून 2025 मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या ऑपरेशनांची नवी आकडेवारी वर्तमानपत्रांत आलीच.

ऑपरेशन खरेच गरजेचे होते का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण ज्या हजारो बायकांचे ऑपरेशन होऊन गेले, त्यांचे पुढे काय झाले? त्यांना लघवी धरून ठेवता येते का, अंग बाहेर येते का, त्या कामाला कधी लागल्या? माझ्या मते या चर्चेत राहून गेलेला प्रश्न हाच आहे. यातल्या पुष्कळ त्रासांवर उपाय आहे आणि तो फारसा महागही नाही.

त्रास का होतो?

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी ताणलेली असते. तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना ही झोळी आवळली जाते आणि लघवी थांबून राहते.

लहान वयातली आणि पाठोपाठची बाळंतपणे, जुना खोकला, बद्धकोष्ठता, डोक्यावरची ओझी यांनी ती सैल पडते. पिशवी काढताना तिला धरून ठेवणारे बंध कापावे लागतात आणि मूत्राशयाच्या आसपासच्या नसांनाही धक्का लागू शकतो. अंडाशयेही काढली असतील तर हार्मोन कमी होऊन तिथली त्वचा पातळ पडते. स्वीडनमध्ये 1973 ते 2003 या काळातल्या नोंदी तपासून केलेला एक मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पिशवी काढलेल्या महिलांना पुढे लघवी सुटण्यासाठी ऑपरेशन लागण्याचा धोका इतर महिलांच्या तुलनेत दुपटीहून जास्त होता. म्हणून हा त्रास प्रत्येकीला होतोच असे नाही. पण झाला तर तो नशिबाचा भोग समजू नये.

व्यायामाचा उपयोग किती?

1948 मध्ये अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगल यांनी या स्नायूंचा व्यायाम मांडला. 2018 मध्ये जगभरातल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. खोकताना, शिंकताना लघवी सुटणाऱ्या ज्या महिलांनी हा व्यायाम केला, त्यांच्यातल्या 56 टक्के जणींनी त्रास पूर्ण गेल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण 6 टक्के होते. अशा त्रासात ऑपरेशनचा विचार करण्याआधी निदान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम करावा, असे ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2014 मध्ये अमेरिकेत, अंग बाहेर येण्यासाठी ऑपरेशन झालेल्या महिलांवर एक चाचणी झाली. ऑपरेशनच्या आगेमागे सरसकट व्यायाम शिकवल्याने सहा महिन्यांनी लघवीच्या तक्रारींत काही जास्तीचा फायदा दिसला नाही. यावरून मी असा अर्थ घेते की सगळ्यांच्या हातात एकच कागद देऊन भागणार नाही. प्रत्येकीला विचारावे लागेल, आणि जिला त्रास आहे तिला नीट शिकवून तिच्याकडून तो व्यायाम तीन महिने करून घ्यावा लागेल.

व्यायाम कसा करायचा

लघवीची नळी निघाल्यावर आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी होकार दिल्यावरच सुरुवात करा.

- आडवे पडून गुडघे वाकवा. चारचौघांत वायू सरू नये म्हणून जसे आवळून धरतो, तसे आत आणि वर ओढा.
- श्वास चालू ठेवा. पोट, मांड्या, कुल्ले आवळू नका.
- सुरुवातीला 3 ते 5 आकडे मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. हळूहळू 10 पर्यंत न्या.
- एका वेळी 8 ते 10 वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने.
- खोकला, शिंक येण्याआधी आणि काही उचलण्याआधी एकदा आवळून घ्या.

लघवी करताना धार मध्येच थांबवून व्यायाम करू नका. पुष्कळ जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्याने त्रास वाढतो. म्हणून एकदा तरी या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. ओटीपोटात किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल तर स्नायू सैल नसून आखडलेले असू शकतात. त्यांना आधी सैल करायला शिकावे लागते.

इथे थांबू नका, डॉक्टरांकडे जा

रात्रंदिवस, बसल्या-झोपल्याही लघवी सतत गळत असेल तर मूत्रमार्गाला छिद्र पडलेले असू शकते. ते व्यायामाने बरे होत नाही. ताप, घाण वासाचा स्राव, जास्त रक्तस्राव, लघवी अडकणे किंवा एकाच पायाला सूज आणि दुखणे असेल तर त्याच दिवशी दाखवा. अंग बाहेर येत असेल तर तपासणी करून घ्या. काहींना आतून आधार देणारी रिंग बसवता येते, काहींना ऑपरेशन लागते.

घरच्यांनी आणि सरकारने काय करावे

ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड ओझे उचलू नये आणि अंग बाहेर येण्याचे ऑपरेशन असेल तर त्याहून जास्त दिवस. घागर, गॅसची टाकी, उसाची मोळी हे सगळे यात आले. नवऱ्याला आणि सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, म्हणजे विश्रांती घेतल्याबद्दल तिला बोलणी खावी लागत नाहीत. कोंडा असलेली भाकरी, भाजी आणि पुरेसे पाणी द्या, म्हणजे शौचाला जोर करावा लागत नाही.

पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. तिने खाडा केला तर दोघांच्या हिशेबातून पैसे जातात. अशा घराला "विश्रांती घ्या" म्हणणे सोपे आहे. म्हणून हंगामाआधी आणि हंगामानंतर होणाऱ्या आरोग्य तपासणीत दोन प्रश्न असावेत: ऑपरेशन कधी झाले, आणि खोकताना लघवी सुटते का? ऑपरेशनला सहा आठवडे झाले नसतील तर तिला फडावर पाठवू नये आणि त्या दिवसांचा खाडाही धरू नये. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या व्यायामाच्या बैठकांचा खर्च सामाजिक विमा देतो. आपल्याकडे निदान घरी सोडतानाच्या कागदावर मराठीत चार ओळी लिहून मिळाव्यात आणि सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागाकडे चिठ्ठी द्यावी.

त्या बाईला मी व्यायाम शिकवला आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. खोकला आठवड्यात गेला. हंगाम संपवून गावी परतताना ती पुन्हा आली. त्रास पूर्ण गेला नव्हता, पण कापड बांधून फडात जाणे बंद झाले होते. या वेळी तिने जावेलाही सोबत आणले होते. तिलाही तेच होत होते.