दुरुस्तीच्या खुणा पुसू नका : माकणीतील एका जुन्या बेंजोच्या निमित्ताने

१/ इतिहासाचे साधन म्हटले की ताम्रपट, बखरी, शिलालेख आठवतात. आज एक निराळे साधन पाहू : विजेवर वाजणारे, अनेकदा दुरुस्त झालेले तंतुवाद्य. माकणी (ता. लोहारा, जि. धाराशिव) येथे मिरवणुकांत वाजलेला एक जुना बेंजो मी नुकताच विकत घेतला. मित्रांचा सल्ला होता : "घासून घे, रंग दे, नवे पिकअप बसव." हा सल्ला मला मान्य नाही. का, ते या धाग्यात मांडतो.

२/ बेंजोचे नाव अमेरिकी बँजोचे, कूळ मात्र जपानी. १९१२ साली नागोया येथील गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' घडवले. तंतुवाद्याला टंकलेखन यंत्रासारख्या कळा जोडण्याची ही कल्पना. त्याच वर्षी जपानात ताइशो कालखंड सुरू झाला, त्यावरून हे नाव. भारतात ते बुलबुलतरंग झाले, बेंजो झाले. बलुचिस्तानात बेंजू झाले.

३/ या पेटीचा मूळ आवाज नाजूक. ताशापुढे तो टिकणार कसा? बँडमधील गिटारचीही एके काळी हीच अडचण होती. उपाय म्हणजे पिकअप : चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वर पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. अँप्लिफायर तो वाढवतो आणि भोंगा तो ऐकवतो. या जोडीमुळेच बेंजो महाराष्ट्रातील वरातींत व विसर्जन मिरवणुकांत मानाने मिरवला.

४/ आता जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा जागतिक बाजार पाहा. १९५० च्या दशकातील फेंडर किंवा गिब्सन गिटारचा मूळ रंग, मूळ पिकअप, अगदी मूळ स्क्रूसुद्धा शाबूत असतील तर किंमत अफाट. कोणी पुन्हा रंग दिला असेल तर ती कोसळते. म्हणजे बदल हा दोष.

५/ पण एरिक क्लॅप्टन यांनी १९७० च्या सुमारास जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटार घेऊन तिघींचे उत्तम भाग एकत्र केले आणि 'ब्लॅकी' जुळवली. २००४ च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली! येथे बदल हाच गुण ठरला. बाजार बदलाचे मोल करत नाही. तो बदलणाऱ्याच्या नावाचे मोल करतो.

६/ इतिहासाच्या अभ्यासकाने हा मापदंड स्वीकारू नये. माकणीच्या बेंजोवर जुन्या पिकअपची दोन रिकामी छिद्रे आहेत. एक कळ दुसऱ्याच वाद्याची आहे. कड मनगटाने झिजली आहे. विकणारे काका म्हणाले, "दुरुस्त केलेलं हाय, कमीच द्या." मी म्हणालो, "काका, दुरुस्ती आहे म्हणूनच पूर्ण देतो."

७/ या भागात जुन्या वस्तूंना वेगळे महत्त्व आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. किल्लारी-सास्तूर परिसरात दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे कोसळली. हजारो माणसे गेली. त्यांच्यासोबत घरोघरची भांडी, कागद, वाद्येही गाडली गेली. म्हणून येथे सामान्य माणसाची जुनी वस्तू हाती येणे ही लहान गोष्ट नव्हे.

८/ माझा बेंजो "भूकंपाच्या आधीचा" असे काका सांगतात. मी ते सांगितले तसे टिपून ठेवले आहे, सिद्ध मानलेले नाही. तपासायचे कशावरून? डाखाचे एकावर एक चढलेले थर, तारांवरचे वेष्टण, स्क्रूंच्या खाचा, लाकडातील छिद्रे यांवरून. घासकागद फिरवला की हा पुरावा धुळीत जातो.

९/ "मग वाद्य मुके ठेवायचे का?" आक्षेप रास्त आहे. वाद्य वाजलेच पाहिजे. तारा बदला, तुटलेला डाख जोडा, गरज असेल तर पिकअपही बदला. तीन पथ्ये मात्र पाळा : आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, नवे छिद्र पाडू नका, जुनीच वापरा, काढलेला प्रत्येक भाग तारखेसह पिशवीत जपा. उद्या कोणालाही मागे फिरता आले पाहिजे.

१०/ मी तारा बदलल्या, एक डाख जोडला. रंगाला हात लावला नाही. बेंजो वाजतो आहे. किंचित घरघरतो, इतकेच.

११/ मिरवणुकांत आता कीबोर्ड आणि डीजे आहेत. बेंजोच्या पेट्या माळ्यावर किंवा भंगारात. तुमच्या गावात एखादी असेल तर भाव करण्याआधी वादकाजवळ बसा. कुठून आणली, कोणी दुरुस्त केली, कोणत्या मिरवणुकीत वाजली, हे विचारा आणि लिहून घ्या. पेटी पुढेही मिळेल. सांगणारा मिळेलच असे नाही.