पाटीवरील अक्षराचा खर्च कोणत्या खात्यात?

बेंगळुरूची चिकपेट म्हणजे रेशमी साड्यांची आणि घाऊक कापडाची जुनी पेठ. लगतच कागद व छपाईचे सुलतानपेट आणि पुस्तकांचा अ‍ॅव्हेन्यू रोड. पिढ्यानपिढ्या येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या पेठेच्या परिसरात आहेत. इतक्या दाटीच्या बाजारात दुकानाची पाटी हीच दुकानाची ओळख. असे असूनही पाट्या बनविणारा लहान व्यावसायिक मुदत कर्जासाठी जो प्रकल्प अहवाल सादर करतो, त्यात फ्लेक्स छपाईचे यंत्र, कटिंग प्लॉटर, अ‍ॅक्रिलिक कापणारे लेझर यंत्र, एसीपीचे पत्रे आणि संगणक यांचे आकडे दरपत्रकांसह असतात; अक्षरांसाठी मात्र एक ओळही नसते. गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे मोजते तेच अंदाजपत्रकातून गळलेले असते.

याचे मूळ फार खोल नाही. पेंटरच्या काळात अक्षर त्याच्या हातात होते. त्याचे वेगळे बिल येत नसे. संगणक आला, ब्रश बाजूला पडला आणि अक्षर यंत्राबरोबर फुकट येते अशी समजूत रूढ झाली. कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून हजारभर फॉन्ट उतरवून घेतले की दुकान सुरू!

या समजुतीची किंमत कन्नड पाटीच्या वेळी कळते. कन्नड भाषा समग्र विकास अधिनियम, 2022 मधील 2024 च्या दुरुस्तीनुसार नामफलकाचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये आणि तोही वरच्या अर्ध्या भागात असणे बंधनकारक झाले. बेंगळुरूत त्यासाठी प्रथम 28 फेब्रुवारी 2024 ही मुदत देण्यात आली होती. कन्नड अक्षरे गोलाकार व रुंद; जोडाक्षरातील दुसरे व्यंजन खाली उतरते. इंग्रजी नावासाठी आखलेल्या पट्टीत ते मावत नाही, आणि बारीक वळणांचा फॉन्ट अ‍ॅक्रिलिकमध्ये कापला तर वळणावरच तुटतो. जुन्या सांकेतिक पद्धतीत टंकलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अक्षरांची खिचडी होते, ती वेगळीच. पडद्यावरील चूक पुसता येते. पत्र्यावर चढलेली चूक म्हणजे पत्रा, दिवे, मजुरी सारे पुन्हा. चौरस फुटाच्या दरात चार-दोन रुपयांची स्पर्धा करणाऱ्याला असा एक फलक महिन्याचा नफा गिळताना पाहावे लागते.

दुसरी गोष्ट साहित्याच्या आयुष्याची. ऑगस्ट 2018 मध्ये उच्च न्यायालयाने खडसावल्यानंतर तत्कालीन बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने शहरातील हजारो बेकायदा फ्लेक्स उतरविले. ज्याचे सारे भांडवल फ्लेक्सच्या यंत्रात अडकलेले असते, त्याचे हप्ते अशा वेळी थांबत नाहीत. रंगविलेला पत्रा गेला, फ्लेक्स आला. आता एलईडीची उठावदार अक्षरे आली. चांगला अक्षरसंग्रह मात्र यांपैकी कोणत्याही साहित्यावर चालतो.

मग तरतूद किती करावी? महिन्याची उलाढाल 2 लाख रुपये धरली आणि तिचा शेकडा 1 बाजूला काढला, तर वर्षाला 24,000 रुपये होतात. त्यातून आरेखनाच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क, गरजेपुरते एक-दोन विकत घेतलेले फॉन्ट आणि कन्नड मजकूर तपासून देणाऱ्या जाणकाराचे मानधन यांना निदान सुरुवात करता येते. शेवटची बाब सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. सगळेच फॉन्ट विकत घ्यावे लागतात असेही नाही. कन्नड गणक परिषदेचे नुडी विनामूल्य आहे. नोटो, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे बलू तम्मा आणि अनेक कन्नड घे, असे फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात आणि व्यावसायिक पाटीवर वापरता येतात. केवळ फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकण्यास मनाई असते. असे फॉन्ट निवडून, छापून, कापून पाहण्यात जाणारा वेळ हाही खर्चच, आणि तो बिलात ‘आरेखन’ या स्वतंत्र ओळीत दाखविला पाहिजे. चौरस फुटात मिसळलेले आरेखन गिऱ्हाईक फुकटच समजणार.

चोरीच्या सॉफ्टवेअरची बाजू तर हिशेबातही टिकत नाही. प्रताधिकार अधिनियम, 1957 च्या कलम 63ब प्रमाणे संगणक आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान 7 दिवस ते 3 वर्षे कारावास आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. शिक्षेची भीती क्षणभर बाजूला ठेवली, तरी अशा प्रतीची पावती नसते. पावती नाही म्हणजे 2017-18 पासून प्राप्तिकरात संगणक सॉफ्टवेअरवर मिळणारा 40 टक्के घसारा नाही, नियमित नोंदणी असूनही वस्तू व सेवा कराची वजावट नाही आणि कर्जही नाही.

यात शाखेतील अधिकाऱ्यांचीही जबाबदारी आहे. तारण म्हणून डोळ्यांना दिसणारे यंत्र सोयीचे वाटते, हे समजण्यासारखे आहे. परंतु 50 हजार रुपयांपर्यंतच्या शिशु मुद्रा कर्जाच्या अर्जातही सॉफ्टवेअर, फॉन्ट व मजकूर तपासणी यांची विचारणा झाली, तर अर्जदार त्यांचा विचार करू लागेल. कर्ज वितरणानंतरच्या पाहणीत यंत्राचा अनुक्रमांक टिपून घेतला जातोच. त्याच कागदावर परवान्याच्या पावतीचा क्रमांक लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात.