चित्र तिचे, नाव कुणाचे?



पायाही न खणलेल्या इमारतीतली घरे आज चित्रे पाहून विकली जातात. माहितीपत्रकातली ती उन्हात चमकणारी बाल्कनी कुणीतरी नकाशावरून संगणकावर उभी केलेली असते. या कामाला आर्किटेक्चरल रेंडरिंग म्हणतात. धंद्यातली माणसे नुसते ‘थ्रीडी’ म्हणतात. समुपदेशनाच्या कामात मला हे काम घरून, स्वतंत्रपणे सुरू करणाऱ्या मुली भेटतात. कुणी आर्किटेक्चर शिकलेली, कुणी ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, कुणी बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागलेली.

त्यांचे ऐकताना मला विडी वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या बाया आठवतात. जागा घरची, वीज घरची, मोबदला नगावर आणि घरच्यांच्या लेखी ‘ती घरीच तर असते’. रात्री अकराला भिंतीचा रंग बदलून मागितला जातो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बिल पाठवले की उत्तर येते, ‘बिल्डरकडून आले की देतो.’ घरात बसून बाई करते ते काम नव्हेच, ही समजूत पदवीने पुसली जात नाही.

ही गोष्ट संगणकाच्या आधीची आहे. मेरियन महोनी ग्रिफिन ही अमेरिकन वास्तुविशारद १८९४ साली एमआयटीतून पदवीधर झाली. फ्रँक लॉइड राइट यांची १९१० साली बर्लिनमध्ये जी चित्रमालिका निघाली, तिच्यातली बरीच चित्रे मेरियनच्या रेखाटनांवर आधारलेली होती. गाजले ते राइट. १९१२ साली कॅनबेरा शहराच्या आराखड्याची स्पर्धा तिचे पती वॉल्टर यांच्या नावाने जिंकली गेली. त्या आराखड्याची देखणी चित्रे मेरियनच्या हातची होती. पुढे हे दोघे लखनौला काम करत होते. तिथेच १९३७ साली वॉल्टर वारले. तिच्या कामाची खरी दखल घेतली गेली ती फार उशिरा.

आपल्या मुलींना इतकी वाट पाहायला लावायची नसेल, तर सुरुवातच नीट व्हायला हवी. ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते, तेव्हा चोरीच्या प्रतीवर धंदा उभा करू नये. पहिल्या कामाआधी ‘उद्यम’ नोंदणी करावी. तिला पैसे पडत नाहीत. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. त्याहून उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. किती चित्रे, किती दुरुस्त्या, आगाऊ किती, हे सारे लेखी घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ तर लक्षात ठेवावेच: चित्राचे हक्क दुसऱ्याला दिले तरी ‘हे मी केले’ असे सांगण्याचा हक्क चित्र करणारीकडेच राहतो.

दराचेही तसेच. २०१७ पासून नोकरदार बाईला २६ आठवड्यांची प्रसूतिरजा आहे; स्वतःच्या हिमतीवर काम करणारीला एक दिवसही नाही. आजारपण, बाळंतपण, यंत्राची झीज हे सारे तिने दरातच धरायला हवे. ‘घरचेच काम आहे, थोडे कमी करा’ असे म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवायला हवा.

पण एकटी मुलगी नाही म्हणाली की काम दुसरीकडे जाते. दोघी-तिघींनी किमान दर ठरवला, कराराचा मराठी मसुदा केला, पैसे बुडवणाऱ्यांची माहिती एकमेकींना दिली, तर ‘नाही’ला वजन येते. विडी कामगार बायांनी संघटना बांधून हेच केले. आपल्या गटांत आता संगणकावर काम करणाऱ्या मुलींनाही बोलवूया. तुमच्या गावात, वस्तीत अशा कुणी असतील तर त्यांचे अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवा. ते आम्ही छापू, त्यांची हरकत नसेल तर त्यांच्या नावानिशी.