हाईड केलंय म्हणे!

मंडळी, उमापूर घ्या नाहीतर पुणे, झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर असतंच. आत लोकांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकं. विचारलं तर उत्तर तयार, "अहो, हाईड केलंय की!"

हाईड करणं म्हणजे पडदा, कुलूप नव्हे. विंडोजच्या पासवर्डचंही तेच. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळं उघडं. एन्क्रिप्शनमध्ये फाईलचा मजकूरच पासवर्डशिवाय वाचता येत नाही. सेव्हन-झिपमध्ये एईएस-२५६ फुकट मिळतं, व्हेराक्रिप्टही फुकट. (ट्रूक्रिप्ट २०१४ मध्येच बंद पडलं, ते नको.) झिप केल्यावर मूळ फाईल रिसायकल बिनमधूनही काढा, नाहीतर कुलूप लावून खिडकी उघडी!

"पासवर्ड विसरलो तर?" तर फाईल गेली, कुणीही परत देणार नाही. म्हणून तर ते कुलूप. लक्षात राहील असं लांबलचक मराठी वाक्य घ्या, जन्मतारीख नको.

माझा राग झेरॉक्सवाल्यावर नाहीच. त्याला हे सांगणार कोण? दिवाळीला गावी जाऊन पॅकेजच्या गप्पा मारणारे आपण आयटीवालेच ना? पेन्शनसाठी आधार देऊन गेलेल्या म्हातारीची जोखीम तिची, आळस मात्र आपला. अर्धा तास काढा राव!