पक्षादेश आणि प्रतिनिधी

मुंबई विधानसभेचे अधिवेशन पुण्यात भरले असता १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सरकार काँग्रेसचे होते. विधेयक संमत झाले नाही आणि खोती जाण्यास १९४९ चा कायदा यावा लागला. तथापि एका लहान पक्षाच्या नेत्याला कोकणातील कुळांचा प्रश्न सभागृहापुढे आणता आला, हे काही थोडे नव्हे.

विधिमंडळातील सत्तेची वाटणी घटनेच्या कलमांइतकीच पक्षांच्या संख्याबळावर होत असते. कोणी किती वेळ बोलावे, कोणत्या समितीवर कोणी जावे, अध्यक्षपदी कोणी बसावे, हे त्यावरूनच ठरते. यात वावगे काही नाही. २८८ सदस्यांचे सभागृह पक्षशिस्तीवाचून चालणे कठीण. परंतु या शिस्तीला मर्यादा असावयास हवी.

१९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. ‘आयाराम-गयाराम’ थोपविण्याचा तिचा हेतू स्तुत्य होता. मात्र पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, हा नियम विश्वासदर्शक ठरावापुरताच आहे, असे परिशिष्टात कोठेही म्हटलेले नाही. बरे, पक्षांतर तरी थांबले काय? २००३ मध्ये फुटीची पळवाट बुजविण्यात आली. तरीही २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये काय घडले, ते महाराष्ट्राने पाहिले. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून मूळ राजकीय पक्षाचा आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिला. अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांकडेच राहिला. १० जानेवारी २०२४ रोजी शिवसेनेच्या प्रकरणी तो लागला, तेव्हा दोन्ही गटांपैकी एकही आमदार अपात्र ठरला नाही. म्हणजे विवेकाला स्मरून एकट्याने वेगळे मत द्यावे, तर आमदारकी धोक्यात. घाऊक बंड केले, तर ती शाबूत!

यावर उपाय दोन. पक्षादेशाचे बंधन विश्वासमत आणि अर्थविधेयके यांपुरतेच ठेवावे. आणि अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा. या दुसऱ्या उपायाचा संसदेने विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयानेच जानेवारी २०२० मध्ये सुचविले होते.

पुणे शहरातून आठ आमदार विधानसभेत जातात. एखाद्या विधेयकाविषयी त्यांचे स्वतःचे मत काय, हे मतदाराने अवश्य विचारावे. पण ते मत सभागृहात देण्याची मोकळीक त्यांना आधी मिळाली पाहिजे. एरवी आपण आठ प्रतिनिधी पाठवीत नसून केवळ आठ हात पाठवीत आहोत.