झोळी, जायफळ आणि बाळाची झोप

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका औषधाने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या त्या औषधाच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे. या आकड्यांपुढे बाकीची चर्चा मागे पडली, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु त्याच सुमारास केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढलेल्या सूचनेतील एक मुद्दा त्यामुळे झाकला गेला. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देणे योग्य नाही, असे ती सूचना सांगते. म्हणजे औषध संपूर्ण शुद्ध असले तरीही.

असे असताना ही औषधे घरोघरी का असतात? खोकला हे त्याचे एकच कारण नाही. क्लोरफेनिरामिनसारख्या घटकाने मूल गुंगते आणि रात्र शांततेत जाते, हे बहुतेक आईबापांना ठाऊक असते. २०२३ च्या डिसेंबरात औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापणे बंधनकारक केले. तो इशारा सर्दीच्या मुलासाठी आहे. सर्दी नसलेल्या, केवळ न झोपणाऱ्या मुलाला तेच औषध चमचाभर देणाऱ्याच्या मनात तो इशारा आपल्यासाठी आहे असे येत नाही.

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे, वैद्यक माझे क्षेत्र नव्हे. तरीही बाळाला झोपवण्याच्या युक्त्यांविषयी लिहावेसे वाटले, कारण त्यांतील निम्म्या युक्त्या शुद्ध यांत्रिकी आहेत आणि उरलेल्या निम्म्या मात्रेच्या मोजमापाचा प्रश्न आहेत.

यांत्रिकीपासून सुरुवात करू. तंजावर-कुंभकोणम मार्गावरील पापनाशम या गावी काही दिवस राहण्याचा योग आला. कावेरीच्या खोऱ्यातले हे भातशेतीचे गाव. तिथे घरातल्या तुळईला जुनी सुती साडी बांधून बाळासाठी केलेल्या झोळीला ‘तूळी’ म्हणतात. १६७६ पासून १८५५ पर्यंत ज्या प्रदेशावर मराठी राजांनी राज्य केले, तिथे मराठी माणसाला परके वाटावे असे या तूळीत काहीच नाही. ऊसतोडीच्या फडावर बाभळीच्या फांदीला टांगलेली आपली झोळी आणि ही तूळी एकच.

तूळी हा एक लंबक आहे. आकड्यापासून बाळापर्यंतची लांबी दोन मीटर धरली, तर एका झोक्याला सुमारे २.८ सेकंद लागतात. बाळ तीन किलोचे असो वा सहा, हा काळ बदलत नाही. म्हणूनच पहिल्या महिन्यात हाताला लागलेली लय सहाव्या महिन्यातही तशीच राहते. हल्ली बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंगच्या पाळण्याचे तसे नाही. त्यात बाळाचे वजन वाढले की लयही संथ होते. झोक्याने झोप लागते याला पुरावाही आहे. जिनिव्हा येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रौढांना दुपारच्या वेळी चार सेकंदांच्या संथ झोक्यावर झोपवले, तेव्हा झोप लवकर लागली आणि गाढही झाली. (चार सेकंदांचा झोका हवा असेल तर दोर चार मीटरचा लागेल. जुन्या वाड्यांची उंच छते या कामी आली असती, आजच्या सदनिकेत ते जमणे नाही.) आजीच्या अनुभवाला प्रयोगशाळेने दिलेली ही साक्ष आहे, आणि ती मान्य करण्यात विज्ञानाला कमीपणा नाही.

अडचण झोक्यात नाही, कापडाच्या आकारात आहे. साडी बाळाला दोन्ही बाजूंनी वेढते आणि पाठीला कमान देते. अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड, मान मात्र दुबळी. कमानीत हनुवटी छातीकडे झुकली की श्वासमार्ग दुमडतो. अरुंद नळीतून संथ वाहणाऱ्या हवेचा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या केवळ २० टक्क्यांनी घटली तर विरोध जवळजवळ अडीचपट होतो. निम्मी झाली तर सोळापट. बाळाची श्वासनलिका चार मिलिमीटरच्या आसपास असते, तेव्हा तिथे एका मिलिमीटरलाही मोठा अर्थ आहे. शिवाय कापड तोंडाजवळ आले तर बाळ आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेते. शंभर वेळा धुतलेली विरळ सुती साडी आणि घट्ट विणीची कृत्रिम धाग्याची साडी यांत येथे फरक पडतो. दुर्दैवाने सुती साड्या घरातून कमी होत चालल्या आहेत.

हा धोका केवळ आपल्या झोळीचा नाही. अमेरिकेत एका मोठ्या खेळणी-कंपनीचा उताराचा झोपाळा वर्षानुवर्षे लाखोंनी विकला गेला. तीसहून अधिक बालमृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेल्यावर एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख नग परत मागवण्यात आले. २०२२ च्या कायद्याने तर दहा अंशांपेक्षा अधिक उताराची बाळशय्याच तिथे निषिद्ध ठरवली. तो झोपाळा दिसायला आधुनिक होता, पेटीवर हसऱ्या बाळाचे चित्र होते. हनुवटी मात्र तशीच छातीला टेकत होती. तेव्हा ‘पारंपरिक ते धोक्याचे, दुकानातले ते सुरक्षित’ ही विभागणी भौतिकशास्त्राला ठाऊक नाही.

हा मुद्दा थोडा लांबवतो, कारण त्यात तज्ज्ञांच्या अहंकाराचा एक जुना धडा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य बालरोगतज्ज्ञ बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला देत होते. बेंजामिन स्पॉक यांच्या विख्यात पुस्तकातूनही तो घरोघरी पोहोचला. पालथे बाळ खरोखरच गाढ झोपते, आणि नेमकी तीच भीतीची गोष्ट आहे. श्वास कमी पडला की जागे होणे हे बाळाचे संरक्षण असते; झोप जितकी गाढ, तितके ते संरक्षण क्षीण. १९७० पर्यंत उपलब्ध असलेला पुरावा त्याच वेळी नीट एकत्र केला असता, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशियात मिळून किमान ५०,००० अर्भके वाचली असती, असा निष्कर्ष २००५ च्या एका आढाव्यात काढला गेला. अमेरिकेत १९९४ मध्ये ‘पाठीवर झोपवा’ ही मोहीम सुरू झाली आणि झोपेतील अचानक बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. त्या संपूर्ण काळात पापनाशमची आजी बाळाला चटईवर उताणेच निजवत होती. कोरै गवताची चटई, खाली कठीण जमीन, उशी नाही, दुलई नाही: आजची सर्व मार्गदर्शक तत्त्वे जिला ‘सपाट आणि टणक पृष्ठभाग’ म्हणतात, ती हीच शय्या. महागडी मऊ गादी आणून आपण त्यापासून दूर जातो आहोत.

माझे मत असे की तूळीला गुन्हेगार ठरवू नये. झोप लागेपर्यंत तूळी, कोणाची तरी नजर असताना; झोप लागली की चटई. जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये २१ अर्भकांवर केलेल्या अभ्यासात याच्या जवळचे सूत्र सापडले. रडत्या बाळाला पाच मिनिटे कडेवर घेऊन चालावे, झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसावे आणि मग खाली ठेवावे. लगेच ठेवले तर बाळ जागे होण्याची शक्यता अधिक. ही युक्ती फुकट आहे, तिला आकडा लागत नाही आणि तिने कोणाचा श्वास कोंडत नाही. आणखी एक: बाळ तूळीतून बाहेर आले की साडी सोडून ठेवावी. रिकाम्या झोळीत खेळणाऱ्या थोड्या मोठ्या मुलांच्या गळ्याला पीळ बसल्याच्या घटना आपल्याकडे घडतात.

‘झोपेचा आवाज’ काढणारी यंत्रे हल्ली शहरी मध्यमवर्गात लोकप्रिय आहेत. २०१४ मध्ये अशा १४ यंत्रांची मोजणी झाली. ३० सेंटिमीटरवर तीन यंत्रे ८५ डेसिबलच्या वर गेली. कारखान्यातील कामगाराला आठ तासांसाठी जी मर्यादा सांगतात, ती ही. यंत्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आवाज कमीत कमी, आणि झोप लागल्यावर बंद; इतके पुरे. साधा पंखा मला अधिक पसंत आहे. त्याचा आवाजही तसाच संथ, आणि २००८ च्या कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात पंखा असलेल्या खोलीतील बाळांत अचानक मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले होते. हा सहसंबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालेले नाही. पण पंख्याने नुकसान काय?

आता मात्रेचा प्रश्न. आपली बाळगुटी आणि तमिळ घरातील ‘उरै मरुंदु’ यांत विलक्षण साम्य आहे. तीच सहाण, तेच उगाळणे, आणि दोन्हींत जायफळ व वेखंड. वेखंडाला तमिळमध्ये ‘पिळ्ळै वळर्प्पान’, म्हणजे मूल वाढवणारा, असेही गोड नाव आहे. आपल्याकडे मात्रा वेढ्यांत सांगतात: जायफळाचा एक वेढा, फार तर दोन. प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञाला हे एकक अस्वस्थ करते. एका वेढ्यात किती द्रव्य उतरते हे हाताच्या दाबावर, सहाणेच्या खडबडीतपणावर, जायफळाच्या जुनेपणावर अवलंबून. आजीचा वेढा आणि घाईत असलेल्या मावशीचा वेढा यांत कितीतरी पटींचा फरक पडू शकतो. जायफळातील मिरिस्टिसिन प्रौढांतही अधिक मात्रेत भ्रम आणि धडधड निर्माण करते. वेखंडातील बीटा-असारोनमुळे प्राण्यांत कर्करोग दिसल्याने अमेरिकेने १९६८ मध्येच ते खाद्यपदार्थांतून हद्दपार केले. गुटी मधात कालवली तर बोट्युलिझमची भर; एक वर्षाखाली मध नकोच. येथे मी मध्यममार्ग सुचवणार नाही. तूळीत मोजता येण्याजोगा धोका आहे आणि तो टाळण्याची सोपी रीत आहे. गुटीने आणलेल्या झोपेत धोका मोजताच येत नाही.

आणि तरीही आईला दोष देण्यापूर्वी मुंबईच्या गिरण्यांकडे पाहावे. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून गिरणी-कामगार स्त्रियांची पाहणी करवून घेतली. या स्त्रियांच्या ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. ‘बाळागोळी’ नावानेच ती मिळत असे. त्या आया अडाणी होत्या म्हणून गोळी देत नव्हत्या. दिवसभर साच्यावर उभे राहायचे, बाळ सांभाळायला कोणी नाही, तेव्हा बाळ झोपलेलेच असणे भाग होते. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती-लाभाचा कायदा आला; त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर विधिमंडळात बोलले होते. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा मिळाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. भाताच्या लावणीला जाणारी पापनाशमची मजूर स्त्री आणि ऊसतोडीची बीडची स्त्री या दोघी अशा आस्थापनांत मोडत नाहीत. त्यांच्या बाळाची झोप ही त्यांच्या मजुरीची अट आहे.

अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३,५०० अर्भके झोपेत अचानक दगावतात. हा आकडा कळतो, कारण प्रत्येक वेळी बाळ कुठे, कसे, कशावर झोपले होते याची चौकशी होते. आपला अर्भक-मृत्युदर २०२० मध्ये हजारी २८ होता. तमिळनाडूचा १३, महाराष्ट्राचा १६. जंतुसंसर्गाचे मृत्यू जसजसे घटतील, तसतसा झोपेतील मृत्यूंचा वाटा वाढत जाईल. तंजावरच्या सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या जात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांच्या हातून घरोघरी नोंदी ठेवून नवजात-मृत्यू कमी करून दाखवले, आणि त्यातूनच २०११ मध्ये आशा सेविकांच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. पहिल्या ४२ दिवसांत सहा ते सात भेटी ठरलेल्याच आहेत. त्या भेटींत तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवावीत: बाळ रात्री कशावर झोपते, उताणे की पालथे, आणि झोपेसाठी त्याला काय चाटवता. विचारणारीचा स्वर मात्र शेजारणीचा हवा, तपासनिसाचा नको. नाहीतर तिसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही’ एवढेच उत्तर येईल.